बातमीदार काजवा

आपल्या भाषेने काजव्याला फारसा मान दिलेला नाही. थोरापुढे लहानाची फजिती सांगायची झाली की 'सूर्यापुढे काजवा' म्हणायचे आणि कोणी सणसणीत थोबाडीत मारली की 'डोळ्यांपुढे काजवे चमकले' म्हणायचे. संस्कृतात त्याला खद्योत असे भारदस्त नाव मिळाले, पण त्याचाही उपयोग बहुधा क्षुद्रपणा दाखवण्यासाठीच. शेजारच्या हिंदीत मात्र तो जुगनू झाला आणि गाण्यांत, शेरोशायरीत रमला. म्हणजे जरा बऱ्या घरी पडला म्हणायचा!

आमच्या तिगावात दोन्ही नावे चालतात. घरात काजवा, शाळेत जुगनू. नागपूर-इटारसी लोहमार्गावरचे हे स्टेशन. इथून चिचोंड्याकडे निघालेली गाडी सातपुड्याचा घाट चढू लागते. मृगाच्या सुमारास घाटाकडच्या झाडीत हा किडा लुकलुकू लागतो, आणि पाऊस आता लागणार एवढाच त्याचा अर्थ आपण आजवर घेत आलो.

या उजेडाचा दुसरा एक अर्थ गेल्या चाळीस वर्षांत उलगडला. जिवंत प्राण्याच्या शरीरात, त्याला न मारता, जनुकाची नक्कल कशी उतरते, कशी कापली जाते आणि पुन्हा कशी जोडली जाते, हे पाहण्याचे साधन म्हणून प्रयोगशाळांनी हा उजेड वापरला. ती कापजोड चुकली की माणसाला आजार जडतो. अशा आजारांपैकी एक आपल्या पांढुर्णा-सौसर भागातल्या घरांपर्यंतही पोचलेला आहे. पांढुर्ण्याहून नागपूरला जाणाऱ्या गाडीत, महिन्यातून एक-दोनदा मुलाला रक्त चढवायला घेऊन निघालेले आईबाप भेटतात. काजव्याचा इतिहास सांगायचा तो त्यांच्यासाठी आणि त्यांच्या नात्यागोत्यातल्या लग्नाच्या मुलामुलींसाठी.

थंड उजेडाचा शोध

चुलीचा उजेड गरम असतो, कंदिलाची काच हाताला भाजते. काजवा मात्र तळहातावर घेतला तरी चटका बसत नाही. या थंड उजेडाचे कोडे माणसाला फार जुने. इंग्लंडच्या रॉबर्ट बॉइलने १६६७ च्या सुमारास रात्री चमकणारे कुजके लाकूड काचेच्या भांड्यात ठेवून भांड्यातली हवा पंपाने काढून घेतली. उजेड मालवला. हवा पुन्हा आत सोडली, तसा उजेडही परतला. म्हणजे या थंड उजेडालाही निखाऱ्याप्रमाणे हवा लागते, एवढे ठरले. हवेतला प्राणवायू कळायला अजून शंभर वर्षे जायची होती.

पुढचे पाऊल १८८५ साली फ्रान्समधल्या राफाएल द्युबॉ यांनी टाकले. वेस्ट इंडीजकडच्या एका प्रकाशमान भुंगेऱ्याचे इंद्रिय त्यांनी थंड पाण्यात कुटले. ते पाणी थोडा वेळ चमकले आणि विझले. दुसरे तसेच इंद्रिय त्यांनी उकळत्या पाण्यात घातले. ते लगेच विझले. मग ही दोन्ही विझलेली पाणी त्यांनी एकत्र केली, आणि उजेड पुन्हा प्रकटला! द्युबॉ यांचा निष्कर्ष असा की इथे दोन द्रव्ये आहेत. एक जळणारे, म्हणजे इंधन. ते उकळल्याने बिघडत नाही, पण थंड पाण्यात वापरले जाऊन संपते. दुसरे जाळणारे, म्हणजे विकर; ते उकळल्याने मरते. इंधनाला त्यांनी ल्युसिफेरिन आणि विकराला ल्युसिफेरेज ही नावे १८८७ मध्ये दिली. ही दोन नावे जरा अवघड आहेत, पण लक्षात ठेवावीत. पुढे सारखी लागतील.

तरीही काहीतरी कमी पडत होते. काजव्याच्या शेपटाचा अर्क काढला की तो लवकर विझे, आणि नुसते इंधन घालून नीट पेटत नसे. या तिसऱ्या वस्तूपर्यंतचा रस्ता एका भारतीय माणसापाशी येऊन जातो. आंध्रातून अमेरिकेत गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी सायरस फिस्के यांनी हार्वर्डमध्ये स्नायूंतून एक द्रव्य वेगळे केले. त्याच वर्षी, १९२९ मध्ये, जर्मनीत कार्ल लोमान यांनाही ते सापडले. हे ए.टी.पी. पेशीच्या बाजारातले ते चलनी नाणे. स्नायू आकसायचा असो की प्रथिन बांधायचे असो, किंमत याच नाण्यात मोजावी लागते.

अमेरिकेतल्या बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम मॅकेलरॉय यांनी १९४७ मध्ये विझलेल्या अर्कात ए.टी.पी. टाकले आणि अर्क उजळला. त्यांना लागणारे काजवे कोणी आणले? गावातल्या पोरांनी. शंभर काजव्यांना पंचवीस सेंट असा भाव मॅकेलरॉय यांनी जाहीर केला आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी मुले बाटल्या भरभरून काजवे आणू लागली. आपल्याकडे मुले काजवे धरून काडेपेटीत ठेवतात तसेच. फक्त तिकडे त्यातून शास्त्र उभे राहिले आणि पोरांच्या खिशात पैसेही पडले.

या शोधाचा ताबडतोब एक फायदा झाला. जिथे जीव तिथे ए.टी.पी., आणि जिथे ए.टी.पी. तिथे काजव्याचा अर्क उजळणार. उजेड मोजला की जिवंतपणा मोजता येतो. अन्नाच्या कारखान्यांत भांडी स्वच्छ आहेत की त्यांत जंतू व अन्नाचे कण उरले आहेत, हे आज याच युक्तीने तपासतात.

मूळ दस्त आणि नक्कल

आता काजव्याला थोडा वेळ बाजूला ठेवून जनुकाकडे वळले पाहिजे. आपण सीमेवरची माणसे. अलीकडे पटवारी, पलीकडे तलाठी. अलीकडे खसरा, पलीकडे सातबारा. पण दोन्हीकडे एक रीत सारखीच आहे. मूळ दस्त कचेरीच्या कपाटातून बाहेर जात नाही. आपल्याला हवी असते ती नक्कल, आणि सगळे व्यवहार त्या नकलेवर चालतात.

पेशीतही हीच रीत आहे. डी.एन.ए. हा मूळ दस्त पेशीच्या केंद्रकात बंद असतो. त्यातल्या हव्या त्या जनुकाची नक्कल आर.एन.ए.च्या रूपात उतरते, ती केंद्रकाबाहेर येते आणि ती वाचून प्रथिन तयार होते. दस्ताची भाषा एक आणि प्रथिनाची भाषा दुसरी. म्हणजे घरात मराठी आणि कचेरीत हिंदी असा रोजचा तर्जुमा करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे समजायला जड जाऊ नये.

नक्कल जशीच्या तशी वाचली जाते, असाच १९७७ पर्यंत सर्वांचा समज होता, आणि जंतूंपुरता तो खराही होता. त्या वर्षी अमेरिकेत दोन ठिकाणी, एम.आय.टी.मध्ये फिलिप शार्प यांच्याकडे आणि कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे रिचर्ड रॉबर्ट्स यांच्याकडे, सर्दीतापाच्या एका विषाणूचा अभ्यास करताना विलक्षण गोष्ट आढळली. मूळ दस्तात मजकूर सलग नव्हता. कामाच्या ओळी, मग बिनकामाचा लांब मजकूर, पुन्हा कामाच्या ओळी, अशी त्याची मांडणी होती. नक्कल उतरताना सगळेच उतरते; त्यानंतर बिनकामाचे तुकडे कापून काढले जातात आणि कामाच्या ओळी एकमेकींना जोडल्या जातात. कामाच्या तुकड्यांना एक्झॉन आणि मधल्या मजकुराला इंट्रॉन ही नावे वॉल्टर गिल्बर्ट यांनी १९७८ मध्ये सुचवली. या कापून जोडण्याच्या क्रियेला शास्त्रात स्प्लायसिंग म्हणतात. आपण तिला कापजोड म्हणू. शार्प आणि रॉबर्ट्स यांना १९९३ चे नोबेल पारितोषिक याच शोधासाठी मिळाले.

आपल्या भागातल्या संत्रा बागायतदाराला कापजोड वेगळी शिकवावी लागत नाही. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधताना काप नेमका हवा आणि सालीशी साल नेमकी बसायला हवी. चुकले तर डोळा वाळतो. जनुकाच्या नकलेत तर एका अक्षराचाही फरक चालत नाही, कारण प्रथिनाची भाषा तीन-तीन अक्षरांनी वाचली जाते. एक अक्षर जास्त राहिले की पुढचा सगळा मजकूर निरर्थक होतो.

ही कापजोड पुढे आणखी गंमतीची निघाली. एकच नक्कल वेगवेगळ्या अवयवांत वेगवेगळी कापली जाते. मेंदूत एक एक्झॉन ठेवला जातो, तर स्नायूत तोच टाकला जातो. माणसाजवळ प्रथिने घडवणारी जनुके वीस हजारांच्या आसपासच आहेत. एवढ्या भांडवलावर एवढे गुंतागुंतीचे शरीर चालते, त्यात या निरनिराळ्या कापण्याचा मोठा वाटा आहे.

पण ही कापजोड पाहायची कशी? ऊतक काढायचे, त्याचा लगदा करायचा, आर.एन.ए. वेगळे करायचे आणि तुकडे मोजायचे. प्राणी त्यात मेलेला. हाती येई ते एका क्षणाचे छायाचित्र. पुढे काय झाले ते विचारायला तो प्राणी उरलेलाच नसे. इथे काजवा परत येतो.

काजव्याचे जनुक परक्या घरी

मॅकेलरॉय पुढे कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो येथे गेले. तिथे त्यांच्या सहकारी आणि पत्नी मार्लीन डेलुका, तसेच डोनाल्ड हेलिन्स्की, जेफ्री डी वेट आणि कीथ वुड यांनी १९८५ मध्ये काजव्याच्या ल्युसिफेरेजचे जनुक वेगळे करून आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूत घातले. जंतूने काजव्याचे विकर बनवले. त्याला इंधन दिले, आणि जंतू उजळला. पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, डेव्हिड ओ आणि स्टीफन हॉवेल यांच्यासह या मंडळींनी ते जनुक तंबाखूच्या रोपात घातले. रोपाला ल्युसिफेरिनचे पाणी पाजले आणि अंधारात कागदाप्रमाणे फिल्मवर ठेवले, तेव्हा पाने, देठ आणि मुळे यांची प्रकाशरेखा उमटली. ते चित्र जगभर गाजले.

यातली एक बारकाई मला फार मोलाची वाटते. काजव्याचे हे जनुकही सलग नाही! १९८७ मध्ये त्याची पूर्ण रचना प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यात सहा इंट्रॉन निघाले, प्रत्येक साठ अक्षरांपेक्षाही आखूड. म्हणजे घाटात लुकलुकणारा प्रत्येक काजवा आपल्या शेपटात सहा वेळा अचूक कापजोड करतो, तेव्हा कुठे त्याचा दिवा लागतो. जंतूंना ही कापजोड येत नाही. म्हणून त्यांना आधीच कापून जोडलेल्या नकलेवरून तयार केलेले जनुक द्यावे लागले. कापजोड नीट तर उजेड, चुकली तर अंधार, हे पुढच्या साऱ्या प्रयोगांचे सूत्र काजव्याच्या अंगातच होते.

या जनुकाला शास्त्रज्ञ रिपोर्टर म्हणू लागले, म्हणजे बातमीदार. पोळ्याला आपण बैलाच्या गळ्यात घुंगूरमाळ बांधतो. ती बांधलेला बैल काळोखात दिसला नाही तरी कुठे आहे, चालतो आहे की थांबला आहे, हे आवाजावरून कळते. तसेच ज्या जनुकाची हालचाल कळून घ्यायची, त्याच्या कळीला काजव्याचे जनुक बांधून द्यायचे. ते जनुक जागे झाले की उजेड पडतो, झोपले की विझतो. उजेड किती, यावरून काम किती तेही मोजता येते.

पुढे १९९५ मध्ये स्टॅनफर्ड येथे क्रिस्टोफर आणि पामेला कॉन्टॅग यांच्या गटाने प्रकाशमान जंतूंची जनुके साल्मोनेला जंतूत घातली आणि ते जंतू उंदराच्या शरीरात सोडले. उंदराला बधिर करून काळोख्या पेटीत अतिसंवेदनशील कॅमेऱ्यासमोर ठेवले. उंदराच्या कातडीतून आलेला मंद उजेड कॅमेऱ्याने टिपला आणि रोग शरीरात कुठवर पसरला, हे जिवंत उंदरात दिसले. त्याच उंदराला दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहता येऊ लागले, आणि छायाचित्राचे चलचित्र झाले.

या कामात काजव्याला एक जोडीदार मिळाला. जपानच्या ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये एका जेलीफिशमधून हिरवे चमकणारे प्रथिन वेगळे केले होते. मार्टिन चाल्फी यांनी ते १९९४ मध्ये जंतूत आणि एका बारीक कृमीत उजळवून दाखवले, तर रॉजर त्सिएन यांनी त्याला नाना रंग दिले. या तिघांना २००८ चे नोबेल मिळाले. दोघांत फरक असा की काजव्याचे विकर इंधन जाळून स्वतः उजेड देते. जेलीफिशचे प्रथिन बाहेरून निळा उजेड टाकला की हिरवे चमकते. एक पणती, दुसरा आरसा म्हणा.

चुकलेला सांधा

आता आजाराकडे येऊ. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा अर्धा भाग बीटा ग्लोबिन या प्रथिनाचा असतो. त्याच्या जनुकात तीन एक्झॉन आणि दोन इंट्रॉन आहेत. पहिला इंट्रॉन १३० अक्षरांचा, दुसरा ८५० अक्षरांचा. बीटा थॅलेसेमिया या आजारात हे प्रथिन कमी बनते किंवा बनतच नाही. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी दोन्ही जनुके बिघडलेली मिळाली की मूल काही महिन्यांचे असतानाच फिकट पडू लागते, आणि मग जन्मभर रक्त चढवावे लागते. चढवलेल्या रक्तातले लोह साठून हृदय आणि यकृत बिघडते. ते बाहेर काढायला वेगळी औषधे लागतात.

हे जनुक बिघडते कुठे, याचा शोध १९८० च्या दशकाच्या आरंभी लागत गेला आणि संशोधक चकित झाले. पुष्कळ रुग्णांत कामाच्या ओळी शाबूत होत्या. चूक होती ती इंट्रॉनमध्ये, म्हणजे ज्या मजकुराला बिनकामाचा म्हणून कापून टाकायचे त्यात! पण 'इथे कापा' ही खूण त्या मजकुराच्या कडेलाच असते. ती खूण पुसट झाली किंवा भलत्याच जागी तशी दुसरी खूण उमटली, की कातर चुकीच्या ठिकाणी चालते.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात रिशार्ड कोले यांनी यावर एक कल्पना लढवली. चुकीच्या खुणेवर चिकटपट्टी लावली तर? त्या अक्षरांना नेमका जुळणारा आर.एन.ए.सारखा छोटा तुकडा बनवायचा. तो जाऊन चुकीची खूण झाकेल आणि कातर नाइलाजाने योग्य जागी परतेल. १९९३ मध्ये झेड. डोमिन्स्की यांच्याबरोबर त्यांनी हे परीक्षानळीत जमवून दाखवले. पण औषध म्हणून असे शेकडो तुकडे तपासायचे, तर प्रत्येक वेळी पेशी कुटून आर.एन.ए. मोजणे म्हणजे मुंगीच्या पावलाने घाट चढणे.

तेव्हा १९९८ मध्ये कोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काजव्याचे जनुक घेतले आणि त्याच्या मध्येच थॅलेसेमियाच्या रुग्णातला बिघडलेला इंट्रॉन खुपसला. आता त्या पेशीत काजव्याची नक्कलही चुकीचीच कापली जाणार, म्हणजे अंधार. चिकटपट्टीने काम केले तर कापजोड सुधारणार, काजव्याचे विकर बनणार, म्हणजे उजेड. रोगाच्या चुकीचे काजव्याच्या भाषेत भाषांतर झाले! उजेड नाही तर औषध फसले, मंद उजेड तर थोडे लागू पडले, भरपूर उजेड तर मोहीम फत्ते.

हीच युक्ती त्यांनी २००२ मध्ये जिवंत उंदरावर नेली. या वेळी बातमीदार होता जेलीफिशचा हिरवा. उंदराच्या पेशीपेशीत हिरव्या प्रथिनाचे जनुक होते, पण मध्ये थॅलेसेमियाचा इंट्रॉन. त्यामुळे उंदीर अंधारा. औषधाचे इंजेक्शन दिल्यावर त्याच्या निरनिराळ्या अवयवांत हिरवा उजेड दिसला, आणि औषधाची रासायनिक घडण बदलली की परिणामही बदलतो हे स्पष्ट झाले. औषध कुठे पोचले एवढेच नव्हे, तर तिथे जाऊन त्याने कापजोड सुधारली की नाही, याची ती बातमी होती.

टोकियोत हिदेहितो कुरोयानागी आणि मासातोशी हागिवारा यांनी २००६ मध्ये त्याहून मनोहर प्रयोग केला. सुमारे एक मिलिमीटर लांबीचा, काचेसारखा पारदर्शक कृमी त्यांनी निवडला. एकाच जनुकाची नक्कल एका तऱ्हेने कापली गेली तर हिरवा आणि दुसऱ्या तऱ्हेने कापली गेली तर लाल, अशी त्यांनी जोडणी केली. वळवळणाऱ्या जिवंत कृमीच्या कोणत्या अवयवात कातर कशी चालते, हे रंगांवरून सरळ डोळ्यांना दिसले. त्या कृमीला कुटायची गरज उरली नाही.

हे सगळे शास्त्रज्ञांचे खेळ, असे कोणी म्हणू नये. मणक्यातल्या चेतापेशी मरून मुलांचे स्नायू सुकत जाणारा एस.एम.ए. नावाचा आजार आहे. त्यात मूळ जनुक बिघडलेले असते. त्याचे एक जोडजनुक शरीरात असते, पण त्याची नक्कल कापताना सातवा एक्झॉन बहुतेक वेळा गळतो. ही गळती थांबवणारे पहिले औषध, नुसिनर्सेन, डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ते चिकटपट्टीच्याच जातीचे. तोंडाने घ्यायचे दुसरे औषध, रिस्डिप्लाम, २०२० मध्ये आले. या दुसऱ्या औषधाकडे नेणारी संयुगे हजारो रसायनांतून चाळून काढताना जोडजनुकाच्या तुकड्याला काजव्याचे ल्युसिफेरेजच बांधले होते. जे रसायन टाकल्यावर उजेड वाढला, ते पुढच्या तपासणीला निवडले गेले.

आपल्या रक्तातले पाचवे अक्षर

आता आपल्या घरी परतू. भारतीय उपखंडातल्या बीटा थॅलेसेमियाच्या चुका कोणकोणत्या, याची मोठी पाहणी ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील रक्तविज्ञान संस्थेतही अनेक वर्षे हेच काम चालले. सगळ्यांची साक्ष एक निघाली. भारतात सर्वांत जास्त आढळणारी चूक पहिल्या इंट्रॉनच्या पाचव्या अक्षरात आहे. तिथे जी असायला हवा तिथे सी आलेला असतो. बस्स, एवढेच! हे पाचवे अक्षर 'इथे कापा' या खुणेचाच भाग. ते बदलल्याने खूण पुसट होते आणि कातर आजूबाजूच्या तीन भलत्याच जागी चालू लागते. म्हणजे नागपूरच्या गाडीत भेटणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांच्या रक्तात कामाच्या ओळी एकूण एक बरोबर असतात. सांधा तेवढा चुकलेला असतो. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांत ६१९ अक्षरे गळून गेल्याची आणखी एक चूक जास्त दिसते. तरी हा आजार अमुक एका जातीचा आहे, असे मुळीच नाही.

आपल्या भागात याची गल्लत सिकलसेलशी होते, ती टाळली पाहिजे. सिकलसेलमध्ये कापजोड बिनचूक होते, पण कामाच्या ओळीतलेच एक अक्षर बदललेले असते. त्यामुळे हिमोग्लोबिन बनते पण वेगळे, आणि रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. नागपूरहून शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात केली. आपला तेव्हाचा छिंदवाडा जिल्हा नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होता. राज्याची सीमा त्या वर्षी सरकली. रक्ताला ती कधीच ठाऊक नव्हती. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून सुरू झाले आणि त्याचे लक्ष्य २०४७ आहे. एका पालकाकडून सिकलसेल आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमिया असा संकर झालेली मुलेही आढळतात, म्हणून दोन्हींची तपासणी एकत्र होणे हिताचे.

नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही संस्था आहे. तिथे डॉ. अभिजित डे यांच्या प्रयोगशाळेने जिवंत पेशींत आणि उंदरांत उजेड देणाऱ्या बातमीदारांवर, मुख्यतः कर्करोगाच्या अभ्यासासाठी, काम केले आहे. म्हणजे ही विद्या सातासमुद्रापलीकडेच आहे, असे नाही.

आता महत्त्वाचा प्रश्न. काजव्याने मार्ग दाखवला, मग आपल्या मुलांना औषध मिळाले का? थॅलेसेमियात कापजोड सुधारणारी चिकटपट्टी अजून दवाखान्यापर्यंत पोचलेली नाही. रक्त बनवणाऱ्या मगजातल्या पेशींपर्यंत असे औषध पुरेसे पोचवणे आणि ते जन्मभर पुरवणे, हे अवघड काम आहे. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये सिकलसेल आणि थॅलेसेमिया या दोन्हींसाठी मान्य केलेला जनुक-उपचार निराळ्या वाटेने जातो. तो चुकलेला सांधा दुरुस्त करत नाही, गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतो. त्याची किंमत आपल्या आवाक्यातली नाही. जुळणारा दाता मिळाल्यास मगज-रोपण हा जुना आणि सिद्ध उपाय आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ अन्वये थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे दोन्ही आजार दिव्यांगत्वात मोडतात. प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो, हे अनेक पालकांना ठाऊक नसते.

आणि एक उपाय असा आहे की ज्याला ना काजवा लागतो, ना अमेरिका. दोष एकाच जनुकात असलेला माणूस धडधाकट असतो. तो शेतात राबतो, सैन्यात जातो, त्याला कधी कळतही नाही. पण असे दोघे नवराबायको झाले, तर प्रत्येक खेपेला चारांत एक एवढा संभव की बाळ पूर्ण आजारी निघेल. भारतात दरवर्षी थॅलेसेमियाची सुमारे दहा हजार बाळे जन्मतात, आणि त्यांचे बहुतेक आईबाप असेच धडधाकट असतात. हे आधी कळायला हिमोग्लोबिन ए-२ ची एक रक्ततपासणी पुरते आणि ती जन्मात एकदाच करावी लागते. कमी हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्यांनी वाढत नसेल, तर ही तपासणी जरूर करावी. लग्न ठरल्यावर दोघांनाही दोष आहे असे कळले, तरी गर्भाची तपासणी दहाव्या-अकराव्या आठवड्याच्या सुमारास होऊ शकते. त्यासाठी मोठ्या शहरी जावे लागते, म्हणून चौकशी गर्भ राहण्याआधीच करून ठेवावी.

आपल्याकडे पत्रिका पाहताना गुण छत्तीसांपैकी किती जुळले ते मोजतात, नाडी एक आली तर घरात चिंता पसरते. त्याच बैठकीत दोन्हीकडच्यांनी तपासणीचे कागद समोर ठेवले, तर कोणाचाही अपमान होत नाही. मुलीकडच्यांनी विचारले तर आगाऊपणा आणि मुलाकडच्यांनी विचारले तर संशय, असे मानायचे कारण नाही. दोष दोघांत सारखाच असू शकतो आणि तो कोणाच्या चारित्र्याचा नसतो, एका अक्षराचा असतो. दिवाळी संपते, तुळशीचे लग्न लागते आणि आपल्याकडे स्थळे पाहणे सुरू होते. त्याआधी घरातल्या लग्नाच्या मुलामुलींची ही तपासणी उरकून घ्यावी, आणि नातलगांत कोणाचे मूल रक्तावर असेल तर त्या घराण्यातल्या सर्वांनीच करून घ्यावी.